गुलमंडीचें जुनें टपाल

इतिहास म्हटला म्हणजे सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह, राजवंश आणि किल्ले उभे राहतात. त्या इतिहासाचीं साधनें म्हणून बखरी, फर्मानें, शिलालेख व दफ्तरें यांचा मान मोठा आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु लोक एकमेकांशीं किती दिवसांनीं बोलत, त्या बोलण्यासाठीं त्यांना किती खर्च येई, आणि तें बोलणें इच्छित स्थळीं पोंचेपर्यंत त्याला कोणकोणत्या सरकारांचे हात लागत, या प्रश्नांचीं उत्तरें फर्मानांत मिळत नाहींत. तीं मिळतात टपालाच्या पाकिटावर. आणि नवल असें कीं, घरांत येणाऱ्या कागदांपैकीं आपण सर्वांत आधीं फाडतों आणि सर्वांत आधीं फेकून देतों तो कागद म्हणजे पाकीटच होय.

तिकिटें जमविण्याचा छंद आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत आतां नवा राहिलेला नाहीं. मुलांना तो लावावा, त्यानें भूगोलाचें ज्ञान वाढतें, व्यवस्थितपणा अंगीं बाणतो, असें शिक्षक सांगतात. आणि तें खोटें नाहीं. पण या छंदाची जी रीत घरोघर रूढ झाली आहे ती पाहिली म्हणजे मन थोडें विषण्ण होतें. आजोबांच्या पेटींतून जुनीं पत्रें निघतात. मुलें तिकिटाभोंवतालचा कागद कातरीनें कापतात, तो तुकडा पाण्यांत भिजत घालतात, तिकीट सुटलें कीं टिपकागदावर वाळवितात, आणि उरलेलें पत्र व पाकीट रद्दींत जातें. वहींत तिकीट चिकटतें. त्याचा इतिहास मात्र गटारांतून वाहून जातो. हा व्यवहार कोठेंही हानिकारकच. तथापि ज्या गांवीं एकाच वेळीं दोन सरकारांचें टपाल चालत होतें त्या गांवीं तो विशेष हानिकारक आहे. असें गांव म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, आजचें छत्रपति संभाजीनगर. आणि त्या गांवची जुनी बाजारपेठ जी गुलमंडी, तिच्या टपालाविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं तिकिटाची सामान्य कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. चिकटवितां येणारें पहिलें तिकीट इंग्लंडांत १८४० सालीं निघालें. त्याचें खरें महत्त्व चित्रांत नसून तत्त्वांत होतें: पैसे पत्र घेणाऱ्यानें न देतां पाठविणाऱ्यानें आगाऊ द्यावयाचे, आणि अंतर कितीही असो, दर एकच. आपल्या देशांत हें तत्त्व प्रथम सिंधमध्यें आलें. तेथील कमिशनर बार्टल फ्रियर यानें १८५२ सालीं अर्ध्या आण्याचें तिकीट काढलें. तेंच आशियाखंडांतील पहिलें तिकीट. हा फ्रियर महाराष्ट्राला परका नव्हे. सिंधला जाण्यापूर्वीं तो साताऱ्यास रेसिडेंट होता, छत्रपतींचें राज्य खालसा झालें त्या वेळीं तेथील कारभार त्याच्याच हातांत आला, आणि पुढें तो मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या तिकिटाचा एक प्रकार तांबड्या लाखेसारख्या ठिसूळ पदार्थाचा होता. तो हाताळतांनाच मोडे. म्हणून मग कागदावर उठावाचें तिकीट काढावें लागलें. आज त्या तांबड्या तिकिटाची एखादी अखंड प्रत मिळणें ही संग्राहकांच्या जगांत मोठी घटना मानली जाते.

१८५४ च्या टपालाच्या कायद्यानें सर्व ब्रिटिश हिंदुस्थानांत एक दर आला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा. मग तें पत्र शेजारच्या गांवीं जावो कीं हजार मैलांवर. त्याच सालीं कलकत्त्याच्या सर्वेअर-जनरलच्या कचेरींत शिळाछापानें अर्ध्या आण्याचीं निळीं, एक आण्याचीं तांबडीं आणि चार आण्यांचीं दुरंगी तिकिटें छापलीं गेलीं. चार आण्यांच्या तिकिटाची चौकट तांबडी व आंतील राणीचें मस्तक निळें. त्यामुळें कागद दोनदां दाबाखालीं जाई. एखादा कागद दुसऱ्या खेपेस उलटा गेला, आणि राणीचें डोकें खालीं व मान वर, असें चमत्कारिक तिकीट बाहेर पडलें. छापखान्यांतील एका कामगाराची क्षणभराची बेसावधगिरी आज लाखो रुपयांनीं मोजली जाते. दुर्मिळपणाला किंमत कशी येते याचें याहून चांगलें उदाहरण नाहीं. परंतु दुर्मिळपणा आणि महत्त्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत होऊं नये एवढ्यासाठींच तें येथें सांगितलें.

ब्रिटिश मुलुखाबाहेर जीं संस्थानें होतीं त्यांपैकीं कित्येकांनीं स्वतःचें टपाल व स्वतःचीं तिकिटें चालविलीं. मराठी वाचकांस अभिमान वाटावा अशीं त्यांत दोन नांवें आहेत. भोरच्या पंतसचिवांनीं १८७९ सालीं देशी कागदावर हातशिक्क्यानें अर्ध्या आण्याचें व एक आण्याचें अशीं दोन तांबडीं तिकिटें काढलीं, आणि १९०१ सालीं पंतसचिव शंकरराव यांची छबी असलेलें एक तिकीट काढलें. सह्याद्रीच्या कुशींतल्या त्या लहानशा संस्थानाचें नांव जगांतील प्रत्येक मोठ्या तिकीट-सूचींत आजही आढळतें. दुसरें नांव होळकरांच्या इंदूरचें. तेथें १८८६ सालीं तुकोजीरावांच्या चित्राचें तिकीट निघालें. परंतु या सर्वांत विस्तारानें मोठें टपाल निजामाच्या हैदराबादचें. आणि त्या राज्याच्या मराठी मुलुखाचें मुख्य शहर औरंगाबाद.

हैदराबादचें पहिलें तिकीट १८६९ च्या सप्टेंबरांत निघालें. तें एक आण्याचें असून त्याचा रंग हिरवट होता. त्याच वर्षाच्या आरंभीं अफजलउद्दौला वारले होते आणि गादीवर अवघ्या अडीच वर्षांचे मीर महबूबअली आले होते. राज्याचा गाडा पहिले सर सालारजंग हांकीत होते. मोगली पद्धतीचा जुना कारभार मोडून त्याजागीं खातीं, जिल्हे व कचेऱ्या बसविण्याचें जें काम या मुत्सद्यानें हातीं घेतलें होतें, त्याच कामाचें हें टपाल एक अंग होय. १८७० सालीं आणखी दोन तिकिटें आलीं. आणि १८७१ पासून अर्ध्या आण्यापासून बारा आण्यांपर्यंतची जी माला सुरू झाली ती कांहीं फेरफारांसह विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालली. तिचे पत्रे लंडनहून आलेले. छपाई मात्र हैदराबादच्या टांकसाळींत होई. सरकारी कामासाठीं यांच तिकिटांवर फारसी अक्षरांत ‘सरकारी’ असा शब्द छापून तीं वेगळीं केलीं जात.

या तिकिटांकडे बारकाईनें पाहिलें म्हणजे दोन गोष्टी मनांत भरतात. पहिली ही कीं, त्यांवर राजाचें चित्र नाहीं. राणीचें मस्तक ब्रिटिश तिकिटांवर, पंतसचिवांची छबी भोरच्या तिकिटावर, तुकोजीरावांची इंदूरच्या. पण हैदराबादचें टपाल ऐंशी वर्षें चाललें तरी त्याच्या तिकिटांवर निजामाचा चेहरा कधीं आला नाहीं. प्रथम अक्षरें, आणि पुढें इमारती, हीच त्यांची शोभा. दुसरी गोष्ट आम्हां मराठी लोकांस अधिक जवळची आहे. फारसी लिपीबरोबर या तिकिटांवर किंमत इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अक्षरांतही दिलेली असे. राज्याची दरबारी भाषा फारसी, मागाहून उर्दू. शाळा-कचेऱ्यांत मराठीला दुय्यम स्थान. पण अर्ध्या आण्याच्या त्या इवल्याशा कागदावर मराठी वाचणाऱ्या माणसाची दखल सरकारला घ्यावी लागली. कारण उघड आहे: तिकीट विकत घेणारा रयत आहे, आणि पैसे मोजणाऱ्याला आपण काय विकत घेतों तें समजलेंच पाहिजे. व्यवहार हा कधीं कधीं राज्यकर्त्यांपेक्षां अधिक न्यायी असतो.

आतां गुलमंडीकडे वळूं. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी येथें नगर वसविलें आणि औरंगजेबाच्या सुभेदारींत त्याचें औरंगाबाद झालें, हें सर्वश्रुत आहे. पैठण दरवाजाकडून शहराच्या पोटांत शिरणाऱ्या रस्त्यावर ही गुलमंडी लागते. गुल म्हणजे फूल व मंडी म्हणजे बाजार, अशी तिच्या नांवाची फोड लोक करतात. सुपारी मारुतीचें देऊळ, आजूबाजूस औरंगपुरा, मछली खडक, रंगार गल्ली अशा वस्त्या, आणि रस्त्याच्या दोहों अंगांस दुकानें. बाजारपेठ म्हटली म्हणजे टपाल आलेंच. सराफ, कापडवाले, आडते, वकील, भिक्षुक आणि सरकारी नोकर अशी जेथें वस्ती दाट, तेथें पत्रांची ये-जाही दाट. हुंडीची आगाऊ सूचना, मालाचा भाव, लग्नाचा मुहूर्त, पुण्यास शिकावयास ठेवलेल्या मुलाची खुशाली, सुतकाची वार्ता, हें सर्व अर्ध्या-एक आण्याच्या तिकिटावर चालत असे.

परंतु कोणत्या सरकारच्या तिकिटावर? येथेंच या शहराच्या टपालाची मौज आहे. निजामाचें तिकीट निजामाच्या हद्दींतच चाले. बाहेरच्या टपालासाठीं राज्यांत ठिकठिकाणीं ब्रिटिश टपाल-कचेऱ्या होत्या. आणि औरंगाबादेस तर ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंटची छावणीही होती. तेव्हां गुलमंडीवरचा व्यापारी पैठणास पत्र लिही तें निजामाचें तिकीट लावून, आणि पुण्यास लिही तें राणीच्या किंवा बादशहाच्या मस्तकाचें तिकीट लावून. वरंगळ औरंगाबादेपासून किती दूर! भाषा वेगळी, लिपी वेगळी. पण टपालाच्या दृष्टीनें तें घरचें गांव. उलट नगर शेजारीं. सोयरिका तेथें, बाजार तेथें, देवदर्शनें तेथें. पण टपालाच्या दृष्टीनें तो परमुलुख. गोदावरीच्या या तीरावर कायगांव आणि त्या तीरावर टोकें. नावेनें पलीकडे जाणाऱ्या माणसाला जेवढा वेळ लागे त्याहून अधिक विचार पत्र पाठविणाऱ्याला करावा लागे; कारण नदीच्या मध्यावर एक सरकार संपे व दुसरें सुरू होई.

खेड्यांतील माणसाची अडचण याहून मोठी. जेथें एकट्या निजामाचीच कचेरी, तेथून बाहेरच्या मुलुखांत जाणाऱ्या पत्राला पहिल्या टप्प्याचें टपालहंशील एका सरकारला आणि दुसऱ्या टप्प्याचें दुसऱ्या सरकारला, असें दोनदां द्यावें लागे. संस्थानी टपालाच्या इतिहासांत, विशेषतः काश्मीरच्या टपालांत, एकाच पाकिटावर दोन राज्यांचीं तिकिटें शेजारीं शेजारीं बसलेलीं दिसतात, तीं याच कारणानें. असें पाकीट सांपडलें तर तें सोन्याहून जपावें. त्यावरील तिकिटें सोडवून दोन वेगळ्या पानांवर लावलीं तर दोन सामान्य तिकिटें हातीं येतील. एकत्र राहिलीं तर दोन सार्वभौम सत्तांचा एका गरीब माणसाच्या खिशांतून जाणारा मार्ग दिसेल.

टपाल दोन, तशी नाणींही दोन. निजामाचा हाली रुपया निराळा आणि इंग्रजांचा कलदार निराळा. पुढें जो भाव स्थिर झाला त्याप्रमाणें शंभर कलदारांस एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजावे लागत. म्हणजे सहा कलदारांस सात हाली, असा हिशेब. निजामाच्या तिकिटावरचा एक आणा हाली नाण्याचा असल्यामुळें तो कलदार आण्याच्या सहासप्तमांशच भरे. तिकिटावर ‘एक आणा’ हे शब्द तेच. पण नदीच्या अलीकडे त्याचें मोल एक आणि पलीकडे दुसरें! आणि कालगणना तर तिहेरी. पत्रांत तिथि व शक घरच्या रीतीचा. कचेरीच्या कागदावर फसली सन. आणि ब्रिटिश टपालाच्या शिक्क्यावर इसवी तारीख. फसली सनांत सुमारें पांचशें नव्वद मिळविले म्हणजे इसवी सन येतो; शकांत अठ्ठ्याहत्तर. जुन्या पत्राची मिति ठरवितांना हे तिन्ही आंकडे एकमेकांशीं पडताळून पाहतां येतात. पत्र लिहिणारा घाईंत वर्ष घालावयास विसरला तरी टपालाचा शिक्का विसरत नाहीं. मात्र तो शिक्का पाकिटावर असतो, आणि पाकीट आपण फेकून दिलेलें असतें!

पाकीट वाचावयाचें कसें, हें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. प्रथम तिकीट पाहावें: कोणत्या सरकारचें, किती किंमतीचें, आणि त्या काळच्या दराला पुरेसें कीं कमी. तिकीट कमी किंवा मुळींच नसेल तर पत्र बेरंग ठरे, आणि घेणाऱ्याकडून दुप्पट वसुली होई. तसा शेरा पाकिटावर दिसतो. कित्येकदां पत्र हमखास पोंचावें म्हणून लोक मुद्दाम बेरंग पाठवीत, कारण पैसे वसूल करावयाचे असल्यामुळें डाकवाला तें टाकून देणार नाहीं, असा त्यांचा भरंवसा! नंतर शिक्के पाहावे. पुढच्या बाजूचा शिक्का पत्र निघाल्याचा, मागच्या बाजूचा पोंचल्याचा. या दोहोंतील अंतर म्हणजे त्या काळच्या रस्त्याचा वेग. रेल्वे येण्यापूर्वीं मुंबईकडून औरंगाबादेस येणारा प्रवासी नांदगांवास उतरून टांग्यानें पुढें जाई. १९०० च्या सुमारास मनमाडहून निघणारा अरुंद रूळमार्ग औरंगाबादेस आला आणि पुढें हैदराबादपर्यंत पोंचला. त्या आधींचीं आणि त्या नंतरचीं पाकिटें जवळ ठेवून शिक्क्यांवरील दिवस मोजले, तर आगगाडीनें या शहराचें जग किती जवळ आणलें हें कोणत्याही वर्णनावांचून कळेल.

त्यानंतर पत्ता. पत्ता कोणत्या लिपींत आहे? मोडींत, बाळबोधींत, उर्दूंत कीं इंग्रजींत? घरचा मजकूर मोडींत असे, आणि कचेरींतल्या माणसाला कळावा म्हणून पत्ता मात्र दुसऱ्या लिपींत. किंवा एकाच पाकिटावर दोन लिपींत. पत्त्यांत घराचा आंकडा नसून ‘अमक्याच्या पेढीशेजारीं’, ‘तमक्या देवळासमोर’ अशा खुणा असत. त्या खुणांवरून नष्ट झालेल्या पेढ्या, वाडे व आळ्या यांचा नकाशा पुन्हां उभा करतां येतो. नांवामागील ‘राजश्री’, ‘चिरंजीव’, ‘तीर्थस्वरूप’, ‘सौभाग्यवती’ या पदव्यांवरून नातें कळतें. आणि पत्र स्त्रीच्या नांवें आलें कीं ‘अमक्यांच्या मार्फत’ आलें यावरून घरांतील रीत कळते. शेवटीं कागद: स्वतंत्र पाकीट कीं पत्राचाच कागद दुमडून केलेला लखोटा. पेशवाईंत जासूद आणि सांडणीस्वार थैलींतून जे लखोटे नेत, त्यांची घडी घालण्याची पद्धत सरकारी टपाल आल्यावरही जुन्या माणसांच्या हातांतून एकदम गेली नाहीं. साधन बदलतें, हाताची सवय मागें रेंगाळते.

हैदराबादच्या तिकिटांत औरंगाबादेचा मान विशेष कसा, हें १९३१ च्या मालेवरून दिसतें. अक्षरांच्या नक्षीचीं तिकिटें जाऊन त्या सालीं चित्रांचीं तिकिटें आलीं. एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर उच्च न्यायालय, चार आण्यांवर उस्मानसागर तलाव, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचें प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बिदरचा मदरसा, आणि सर्वांत मोठ्या एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार. सहा चित्रांपैकीं तीन राजधानीचीं, एक बिदरचें, आणि दोन औरंगाबाद जिल्ह्याचीं! तेलंगणातील वरंगळच्या काकतीय कमानीला तिकिटावर येण्यासाठीं १९४७ पर्यंत थांबावें लागलें. हा मान कोठून आला, हें शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. १८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलेलीं अजिंठ्याचीं लेणीं तोंवर जगप्रसिद्ध झालीं होतीं. हैदराबादनें १९१४ सालीं पुराणवस्तुखातें स्थापिलें होतें आणि त्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांच्या अजिंठ्यावरील भव्य ग्रंथाचा पहिला भाग १९३० सालीं बाहेर पडला होता. राज्याला जगापुढें मिरविण्याजोगें जें होतें त्याचा मोठा वांटा मराठी मुलुखांत होता. बौद्ध भिक्षूंचीं लेणीं आणि यादवांच्या देवगिरीच्या पायथ्याशीं उभारलेला बहमनी मिनार, असे दोन धर्म आणि दोन युगें, त्या एका मालेनें देशोदेशींच्या संग्राहकांच्या वह्यांत नेऊन ठेवलीं.

यांतही एक विसंगति आहे, आणि ती विचार करण्याजोगी आहे. आठ आणे किंवा रुपया किंमतीचें तिकीट रोजच्या पत्रास लागत नसे. तें जड पुडक्यांस लागे. म्हणजे अजिंठ्याच्या वाटेवर राहणारा शेतकरी अजिंठ्याचें तिकीट क्वचितच हातांत धरी. त्याच्या कार्डावर व पत्रावर चार पै, आठ पै यांचीं साधीं तिकिटें असत. म्हणून सुंदर व महाग तिकिटें सुट्या रूपांत संग्राहकांपाशीं आढळतात. पण सामान्य माणसाचा इतिहास पाहावयाचा तर स्वस्त तिकिटाचें मळकें पाकीटच हुडकलें पाहिजे.

१९३७ सालीं सातव्या निजामाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त चार तिकिटें निघालीं. त्यांवर दोन रुग्णालयें, उस्मानिया विद्यापीठ व महोत्सवाचें सभागृह हीं होतीं. दुसरें महायुद्ध संपल्यावर विजयाचें एक, आणि १९४७ सालीं आणखी कांहीं. त्या मालेंतील गोवळकोंड्याचा किल्ला आणि वरंगळची कमान पाहतांना असें वाटतें कीं, कमान आहे, किल्ला आहे, पण राज्य शेवटच्या पायरीवर आलें आहे. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबादचें स्वतंत्र राज्य संपलें. १९५० सालीं त्याचें टपालही हिंदुस्थानच्या टपालांत विलीन झालें. गुलमंडीच्या रहिवाशाला पुण्यास आणि पैठणास एकच तिकीट पुरूं लागलें. पुढें १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्र झाला, हें राजकारणाच्या इतिहासांत ठळक अक्षरांनीं नोंदलें आहे. परंतु हें ऐक्य घराघरांत प्रथम कोणत्या रूपानें आलें असेल तर तें या एका तिकिटाच्या रूपानें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां या साधनांची स्थिति काय आहे, याचा विचार करूं. आपल्या देशांत तिकिटांचा शास्त्रशुद्ध अभ्यास इंग्रज अंमलदारांनीं सुरू केला. ‘फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १८९७ मध्यें निघाली. पुढें मुंबईचे जाल कूपर यांच्यासारख्या हिंदी अभ्यासकांनीं तिकिटांबरोबर टपालाच्या जुन्या शिक्क्यांवरही स्वतंत्र ग्रंथ लिहून हा विषय पुढें नेला. त्यांनीं एक गोष्ट ठासून दाखविली, ती ही कीं, शिक्का हा तिकिटाचा डाग नसून त्याचें चरित्र आहे. परंतु हें ज्ञान संग्राहकांच्या मंडळींतच राहिलें. जुन्या शहरांतील घरांत तें पोंचलें नाहीं. वाडे पडतात, वांटण्या होतात, दुकानांची डागडुजी होते. आणि माळ्यावरचीं पत्रांचीं बासनें वजनावर जातात. मोडी वाचणारें माणूस घरांत उरलें नाहीं. उर्दू वाचणारेंही विरळ. मग तो कागद कशाचा आहे हें सांगणार कोण? व्यापारी येतो, तिकिटें पाहतो, तीं कापून घेतो आणि कागद सोडून जातो. घरच्या माणसांना चार पैसे मिळाल्याचा आनंद होतो.

असाच प्रसंग महाराष्ट्रावर पूर्वीं एकदां आला होता. पेशवाईंतील सरदारांचीं व कारकुनांचीं दफ्तरें वाळवीच्या तोंडीं जात असतां इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडले. १८९८ पासून त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापण्यास आरंभ केला, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभें राहिलें. त्या पिढीनें आपल्याला हें शिकविलें कीं, तहनाम्याइतकाच जमाखर्चाचा कागदही बोलतो. इंग्रजी व निजामी अमदानींतील टपाल हें त्याच शिकवणीचें पुढचें पान होय. पण तें फार जुनें नसल्यामुळें आपल्याला अद्याप इतिहास वाटत नाहीं. जें आजोबांच्या हातचें तें जुनें खरें, पण ऐतिहासिक कसें, असा प्रश्न लोक करतात. याला उत्तर एकच: राजवाड्यांनीं मिळविलेले कागदही एके काळीं कोणाच्या तरी आजोबांच्या हातचेच होते.

दोन आक्षेपांचा येथें विचार केला पाहिजे. कोणी म्हणतील, परक्या राणीचें मस्तक आणि गेलेल्या निजामाची मोहोर कवटाळून बसण्यांत काय भूषण आहे? त्यावर आमचें म्हणणें असें कीं, आपण जपावयाचें तें मस्तक नव्हे. त्या मस्तकाशेजारीं मोडींत लिहिलेलें आपल्या माणसाचें नांव जपावयाचें आहे. तिकीट सरकारचें, पण पत्र आपलें. सत्तेच्या खुणा पुसून टाकल्यानें सत्तेचा इतिहास पुसत नाहीं. तिच्याखालीं राहिलेल्या लोकांचा मात्र पुसतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरचीं पत्रें म्हणजे घरचीं दुःखें. कर्जें, आजार, मतभेद हें सर्व त्यांत असतें. तें चार लोकांपुढें कां मांडावें? हा संकोच रास्त आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. परंतु राखून ठेवणें आणि उघडें करणें या एक गोष्टी नव्हेत. मजकूर घरांत ठेवावा. पाकिटाची दोन्ही बाजूंची नोंद किंवा छायाचित्र अभ्यासकास द्यावें. संकोचापायीं जाळून टाकलेला कागद मात्र कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं, घरच्यांच्याही नाहीं.

संग्रह करूं इच्छिणाऱ्यांस, आणि विशेषतः ज्या घरांत अशीं बासनें आहेत त्या घरांतील मंडळींस, कांहीं व्यवहाराच्या सूचना करतों. पाकिटावरून तिकीट काढूं नये. पाणी लावूं नये. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी मारूं नये, कारण तिचा डिंक कांहीं वर्षांत पिवळा पडून कागद खातो. पत्र पाकिटांतून निराळें करून दुसरीकडे ठेवूं नये. दोहोंचा संबंध तुटला कीं दोन्ही मुकीं होतात. उन्हांत व ओलींत ठेवूं नये. कोणत्या घरांतून, कोणाच्या नांवचें, केव्हां मिळालें, हें निराळ्या कागदावर पेन्सिलीनें लिहून सोबत ठेवावें. पाकिटावर शाईनें कांहीं लिहूं नये. विकणें भाग पडलें तर सबंध बासन एके ठिकाणीं द्यावें, सुटें सुटें देऊं नये. आणि मुलांना छंद लावावयाचा तर खुशाल लावावा; पण त्यांना कातर देण्यापूर्वीं भिंग द्यावें, व तिकिटाची किंमत किती हें विचारण्यापूर्वीं तें कोठून कोठें गेलें हें विचारावयास शिकवावें.

गुलमंडीवर आज कापडाचीं व संसारोपयोगी जिनसांचीं दुकानें गजबजलेलीं आहेत. पत्र लिहिणारा विरळा, आणि पत्राची वाट पाहणारा त्याहून विरळा. टपालाचें युग सरलें म्हणून त्याबद्दल उसासे टाकावेत, असें आम्हांस वाटत नाहीं. प्रत्येक साधन आपलें काम करून जातें. परंतु हाली आणि कलदार, फसली आणि शक, मोडी आणि उर्दू, गोदावरीचें हें तीर आणि तें तीर, या सर्वांना एका चौकोनी कागदावर एकत्र आणणारें दुसरें साधन या शहरापाशीं नाहीं. अजून तें पुष्कळ घरांच्या माळ्यांवर असेल. पुढच्या दिवाळीच्या झाडलोटींत तें रद्दींत जाणार कीं पेटींत, एवढाच प्रश्न आहे; आणि त्याचें उत्तर देण्यास कोणा विद्वानाची वा सरकारची गरज नाहीं.